रविवारची सायकल, सोमवारची सायकल

एप्रिल लागला की सायकल क्लबांच्या सूचना फिरू लागतात. रविवारी पहाटे साडेपाचला चौकात जमावे; दोन बाटल्या पाणी, टोपी, पंक्चरचे सामान आणि घरचा डबा बरोबर घ्यावा; बाराच्या आत परत. पूर्वी अशा सूचना पुण्या-मुंबईच्या मंडळींत निघत. आता त्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावीही निघतात. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले कर्मचारी, कापडाचे व्यापारी, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली मुले अशी वीस-पंचवीस माणसे शिट्टी वाजताच निघतात आणि शहराची शेवटची वस्ती मागे टाकून शेताशिवारातून जाऊ लागतात. दिवस छान जातो. भूक कडकडून लागते. संध्याकाळी पाय दुखतात, पण त्या दुखण्याचेही कौतुक वाटते.

या छंदाची टवाळी करणारे पुष्कळ आहेत. घरात मोटार असताना उन्हातान्हात सायकल हाणायची ही कसली हौस, असे शेजारी विचारतात. रंगीबेरंगी कपडे, डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात किलोमीटर मोजणारे घड्याळ पाहून पोरेटोरे हसतात. प्रस्तुत लेखकाला ही टवाळी मान्य नाही. उन्हाळ्यातली एक दिवसाची सायकल सहल ही चांगली गोष्ट आहे आणि ती वाढावी. मात्र ज्या रस्त्याने ही सहल जाते त्या रस्त्याशी तिचे काही देणेघेणे आहे की नाही, हे विचारण्याची वेळ आता आली आहे. कारण त्याच रस्त्याने आणखी एक सायकल जाते. तिच्यावर बसणारीला घड्याळात किलोमीटर मोजायचे नसतात. तिला शाळेची घंटा गाठायची असते.

वाट कोरीटची

उदाहरणादाखल नंदुरबार घेऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. बाहेरच्या माणसाला हे नाव दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक म्हणजे लाल मिरचीची बाजारपेठ आणि दुसरे म्हणजे ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात आपल्या साथीदारांसह हुतात्मा झालेला शाळकरी शिरीषकुमार मेहता. तेव्हा नंदुरबारची सहल हुतात्म्यांच्या स्मारकाला नमस्कार करून निघावी हे ठीकच. तिथून नंदुरबार तालुक्यातल्याच कोरीट गावाची वाट धरायची.

कोरीट हे काही पर्यटनाचे ठिकाण नव्हे. तोरणमाळला जाणारे वेगळे, प्रकाशाला केदारेश्वराच्या दर्शनाला किंवा सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पाहायला जाणारे वेगळे. कोरीटला मुद्दाम पाहायला कोणी जात नाही. सायकल सहलीसाठी हीच त्याची खरी लायकी आहे. मोटारीने जाणाऱ्याला पोहोचायचे ठिकाण हवे असते. सायकलवाल्याला वाट पुरते.

एप्रिलच्या पहाटे तापी खोऱ्यातली ही वाट उघडीवाघडी असते. कपाशीचे शेत मोकळे झालेले, नांगरटीची ढेकळे उन्हाची वाट पाहत पडलेली. मधेच पपईचा बाग, केळीचा मळा, विहिरीच्या पाण्यावर तगलेला उसाचा हिरवा तुकडा. शहराच्या कडेला मिरचीच्या पथाऱ्यांवर हंगामाच्या शेवटाचा ठसका रेंगाळत असतो; तिथून जाताना पुढच्याला शिंक आली की मागच्या दहाजणांना येते. पळस फुलून गेलेला असतो, बहावा पिवळा होऊ लागलेला असतो आणि कडूनिंबाच्या मोहोराचा मंद वास सकाळच्या गार हवेत तरंगत असतो. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग. तिकडे याच दिवसांत मोह गोळा करण्याची आणि पुढे आमचुरासाठी कैऱ्या सोलून वाळवण्याची धांदल असते. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली डोंगरातली कुटुंबे भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन परतू लागलेली असतात. मोटारीच्या काचेतून हे सारे निसटून जाते. सायकलवरून ते दिसते, ऐकू येते आणि नाकालाही कळते.

आणखी एक गोष्ट सायकलवरच होते. माणसे बोलतात. मोटारीला कोणी थांबवून विचारत नाही. सायकलवाल्याला बांधावरून हाक येते, ‘कथा जाई राहिनात, भाऊ?’ कुठे निघालात, एवढा साधा प्रश्न. त्याला उत्तर द्यायला एक पाय जमिनीवर टेकवावा लागतो. सहलीची सुरुवात खरे म्हणजे तिथे होते.

उन्हाशी बरोबरी नको

इथे एक रास्त आक्षेप येतो. खानदेशचा उन्हाळा आणि सायकल? एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळिशी ओलांडतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे कोणाला नवल वाटत नाही. अशा दिवसांत बायकामुलांना घेऊन सहल काढणे हा शहाणपणा आहे का?

आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या पुरस्कार समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. तिथे कोणी शर्यत धावत नव्हते. माणसे नुसती उन्हात बसली होती. सायकलवर धोका वेगळ्या तऱ्हेने येतो. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गार असेल तोवर तोंडावर येणारा वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा त्याहून तापली की तोच वारा अंगात उष्णता भरू लागतो आणि शरीराला एका घामाचाच आधार उरतो. त्यातही फसगत अशी की वाऱ्यामुळे घाम लगोलग वाळतो. ‘आपल्याला कुठे घाम आला?’ असे म्हणत माणूस पाणी प्यायचे टाळतो. उन्हात पायडल मारणाऱ्याच्या अंगातून तासाला अर्धा ते एक लिटर पाणी सहज जाते, आणि पाण्याबरोबर मीठही. डोके दुखू लागले, चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले, तर तो थकवा समजू नये. सावलीत न्यावे, अंग ओले करावे, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखाना गाठावा.

मग उपाय काय? उपाय कोरीटच्या शिवारातच दिसतो. तिथला मजूर उन्हाशी बरोबरी करत नाही. उजाडायच्या सुमारास तो बांधावर असतो आणि ऊन चढले की झाडाखाली. सहलीने शेताचे हेच घड्याळ लावून घ्यावे. साडेपाचला निघावे, नऊ-साडेनऊला परतीच्या वाटेवर असावे, अकराला सायकली सावलीत टेकवाव्यात. ज्यांना दिवसभर बाहेर राहायचे आहे त्यांनी दुपार झाडाखाली काढावी. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा आणि वर ताक असे जेवण करून तासभर आडवे व्हावे आणि पाच वाजता परत निघावे. यात पराक्रम कमी होतो, हे खरे; पण पराक्रमाला हिवाळा मोकळा आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या ब्रेव्हे नावाच्या चाचण्या आता आपल्याकडेही होतात. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी त्यांत जरूर उतरावे. कुटुंबाच्या सहलीत मात्र पुढे सर्वांत हळू चालवणारा असावा, म्हणजे कोणी मागे राहात नाही.

बिल्ला, दिवा आणि डबलसीट

आजचे सायकल क्लब पाहून एखाद्याला वाटेल की सायकल आपल्याकडे नव्याने आली. आपल्या आईवडिलांच्या पिढीला विचारावे. तेव्हा सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडत आणि डबलसीट दिसले की दंड होई. सायकल तासाच्या भाड्याने मिळे. मोठ्या सायकलच्या नळीखालून एक पाय घालून शिकलेली माणसे आज आजोबा झाली आहेत. लग्नात जावयाला सायकल आणि मनगटी घड्याळ दिले की सासऱ्याची मान ताठ राही. पोस्टमन, दूधवाला, तलाठी, प्राथमिक शिक्षक आणि खेडोपाडी फिरणारा डॉक्टर या सगळ्यांचे जग सायकलच्या दोन चाकांवर चाले. सायकलवर साहस करणारेही तेव्हा होतेच. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परत आले.

पुढे स्कूटर आली, मग मोटारसायकल आली आणि सायकल ही गरिबीची खूण ठरली. शहरातल्या माणसाने ती जिन्याखाली लोटली. ॲटलस या जुन्या कंपनीने साहिबाबादचा आपला मोठा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. दैवाची थट्टा म्हणतात ती अशी.

मग ती पुन्हा परतली, ती व्यायामाच्या आणि छंदाच्या रूपाने. नाशिकच्या महाजन बंधूंनी, म्हणजे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली, तेव्हा कितीतरी घरांतल्या सायकली जिन्याखालून बाहेर आल्या. नाशिकचे सायकलस्वार सायकलवरून पंढरीची वारीही करू लागले. आज गावोगावचे क्लब दिसतात त्यांमागे अशा उदाहरणांचा मोठा वाटा आहे.

पण या सगळ्या काळात सायकल गेली कुठे होती? कुठेच गेली नव्हती. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरांपैकी सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल होती. शहरी मध्यमवर्गाने ती सोडली तेव्हाही गवंडी, सुतार, सालदार, पाववाला आणि शाळकरी पोर यांनी ती सोडली नव्हती. आपण ‘सायकल परत आली’ म्हणतो, तेव्हा फार तर आपण सायकलकडे परत आलो, असे म्हणायला हवे.

जी रविवारी दिसत नाही

आता त्या दुसऱ्या सायकलकडे येऊ. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रम नावाची योजना आहे. २००६ साली ती राज्यातल्या सर्वांत मागास जिल्ह्यांसाठी सुरू झाली. त्यांत नंदुरबार होता. या कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. क्लबातल्या एखाद्या सायकलची किंमत याच्या दहापट सहज असते. तरीही या पाच हजारांच्या सायकलने जे काम केले आहे ते पन्नास हजारांच्या सायकलला जमणार नाही.

हे भावनेच्या भरात लिहिलेले नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातले अंतर ४० टक्क्यांनी कमी झाले. जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथे फरक सर्वांत जास्त पडला. त्याआधी, १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. खाणीतल्या मजूर, अंगणवाडीच्या सेविका, शेतावरच्या बाया अशा साऱ्या सायकलवर बसल्या. पी. साईनाथ यांनी त्याविषयी लिहिले तेव्हा देशाला कळले की दोन चाकांमुळे बाईची बसची आणि घरातल्या पुरुषाची वाट पाहणे संपते.

अशी सायकल नंदुरबार जिल्ह्याच्या रस्त्यांवरही धावते. मग सहलीला गेलेल्या आपल्याला ती का दिसत नाही? उत्तर अगदी साधे आहे. आपण रविवारी जातो आणि रविवारी शाळेला सुट्टी असते. आपण पहाटे गार हवेत निघतो. ती उन्हाळ्यात सकाळच्या सत्राची शाळा सुटल्यावर, ऊन डोक्यावर आले असताना परत फिरते. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. म्हणजे ज्या उन्हाबद्दल क्लबाच्या सूचनापत्रात चार ओळींची ताकीद असते, त्याच उन्हात मुली दप्तर पाठीला लावून घरी जात होत्या. त्यांना कोणी सूचनापत्र दिले नव्हते. रस्ता एकच, सायकल तशीच, आणि तरी या दोघींची गाठ पडत नाही. एक रविवारची, दुसरी सोमवारची.

रविवारच्या सायकलला रस्ता सुंदर वाटतो, कारण रविवारी सकाळी तो मोकळा असतो. सोमवारच्या सायकलला तोच रस्ता वेगळा भेटतो. मागून वाळूचा डंपर कर्णा वाजवत येतो. मुलीने खाली उतरायचे तर साइडपट्टी नाही. डांबर आणि माती यांत वीतभर खड्डा. हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे लाल दिवा न लावता चाललेल्या असतात. बाभळीचा काटा चाकात शिरला तर पंक्चरचे दुकान दोन गावे पलीकडे. आणि सावली? रस्ता रुंद करायचा म्हटले की पहिली कुऱ्हाड कडेच्या कडूनिंबावर आणि चिंचेवर पडते. रस्त्याच्या कडेला वड लावले, वाटसरूंसाठी विहिरी खोदल्या, हे सम्राट अशोकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी स्तंभावर कोरून ठेवले. आपण रस्ता बांधताना डांबराची जाडी मोजतो. सावली मोजत नाही. मोटारीला सावली लागत नाही, तिला गारवा देणारे यंत्र असते. सावली लागते ती पायी चालणाऱ्याला आणि सायकलवर बसलेल्या मुलीला, आणि ही दोघे निविदेच्या कागदावर कुठेच नसतात.

क्लबांनी रस्ते बदलले आहेत

यावर क्लबातली मंडळी म्हणतील, ‘आम्ही आठवडाभर राबून एक रविवार मोकळा काढतो. त्यावर समाजसेवेचे ओझे कशाला?’ तक्रार समजण्यासारखी आहे. पण सायकल क्लबांचा इतिहास थोडा वेगळा आहे, तो सांगायला हवा.

१८७८ साली इंग्लंडमध्ये सायकलवरून प्रवास करणाऱ्यांचा एक क्लब स्थापन झाला. आपल्यासारखीच हौशी, सुखवस्तू माणसे होती ती. सुट्टीच्या दिवशी खेड्यापाड्यांतून फिरायला त्यांना रस्ते हवे होते आणि रस्ते वाईट होते. तेव्हा त्यांनी अवघड उतारांवर धोक्याच्या पाट्या लावल्या आणि १८८० च्या दशकात रस्तेसुधारणेसाठी स्वतंत्र संघटना उभारायला हातभार लावला. अमेरिकेत १८८० साली सायकलस्वारांचा संघ स्थापन झाला आणि त्याने चांगल्या रस्त्यांची देशव्यापी चळवळ उभी केली. १८९२ पासून तिचे नियतकालिकही निघू लागले. मोटारी रस्त्यावर यायला तेव्हा अवकाश होता. चिखलातून माल नेणाऱ्या शेतकऱ्याला या चळवळीचा फायदा झाला आणि पुढे मोटारवाल्यांनी तेच रस्ते वापरले. त्या मंडळींनी समाजसेवा करायची म्हणून काही केले नाही. त्यांनी स्वतःसाठी रस्ता मागितला आणि तो सर्वांना मिळाला.

आपल्या क्लबांनाही एवढेच करायचे आहे. त्यांचे ऐकले जाईल, हे विसरता कामा नये. क्लबात डॉक्टर असतो, वकील असतो, एखादा अभियंता असतो, कधी कधी सरकारी अधिकारीही असतो. कोरीटच्या वाटेवरची नववीतली मुलगी सार्वजनिक बांधकाम विभागाला अर्ज करणार नाही. तिच्या वडिलांना त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागेल. क्लबाचे पत्र मात्र टेबलावर पोहोचते, आणि पोहोचले नाही तर पुन्हा पाठवण्याइतकी सवड व जोर क्लबाकडे असतो.

चार साध्या गोष्टी

पहिली गोष्ट अशी की वर्षातून एक सहल रविवारी न काढता चालू शाळेच्या शनिवारी काढावी. शाळा सुटायच्या वेळी त्या रस्त्यावर असावे आणि मुलींच्या मागेपुढे, त्यांच्या वेगाने, गावापर्यंत यावे. जे एका दुपारी कळेल ते दहा रविवारी कळणार नाही. अर्थात आधी शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि गावाला सांगून जावे. पंचवीस अनोळखी माणसे मुलींच्या मागून जाऊ लागली तर गाव काय समजेल, याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट नोंदीची. क्लबाकडे घड्याळे आहेत, नकाशे काढणारी यंत्रे आहेत. त्यांवर आपली सरासरी गती पाहतो, तशी रस्त्याचीही नोंद करावी. साइडपट्टी कुठून कुठवर नाही, कुठल्या वळणावर समोरचे दिसत नाही, किती अंतर सलग सावली नाही, पिण्याचे पाणी कुठे मिळते. ही नोंद लेखी स्वरूपात जिल्हा परिषदेला आणि बांधकाम विभागाला द्यावी, तिची पोच घ्यावी आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच वाट पुन्हा मोजावी.

तिसरी गोष्ट झाडांची. पावसाळ्यात रोपे लावून छायाचित्र काढणारे पुष्कळ असतात; रोप मरते ते उन्हाळ्यात. पहिले तीन उन्हाळे निभावले की कडूनिंब आपले आपण उभे राहते. क्लबाने शंभर झाडांच्या गप्पा मारू नयेत, दहाच झाडे घ्यावीत. रोपाशेजारी बुडाला बारीक छिद्र असलेले मडके पुरावे, जवळच्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या विहिरीवरून ते भरावे. दर आठवड्याला कुठेतरी जायचेच असते. मग जायला एक कारणही झाले. ज्याच्या बांधाला सावली पडणार आहे तो शेतकरी पुढे स्वतःहून पाणी घालील, कारण माणसे पाहून माणसे शिकतात.

चौथी गोष्ट अगदी लहान आहे. प्रत्येक सहलीत पंक्चरचे सामान बरोबर असतेच. शाळेत एक पंप, थोडे पाने, ठिगळे आणि चिकटवायचे सोल्यूशन कायमचे ठेवावे आणि ट्यूब काढून पंक्चर कसे काढायचे ते मुलींना शिकवावे. साध्या काट्यामुळे सायकल आठवडाभर भिंतीला टेकून राहिली, तर तो आठवडा शाळेतून जातो. अशा चार आठवड्यांनंतर घरातले म्हणतात, ‘आता पुरे शिक्षण.’

सहलीची रीतभातही यातच आली. गावातून जाताना शर्यत लावू नये. कोंबड्या, शेळ्या आणि लहान मुले यांना रस्त्यावर आपल्यापेक्षा जास्त हक्क आहे. पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे कागद परत आणावेत. चहा गावच्या टपरीवर घ्यावा, रस गावच्या रसवंतीवर प्यावा, चार पैसे तिथे खर्चावेत. पाथरवट, मजूर, पाणी भरणाऱ्या बाया यांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत. आपल्या घराच्या अंगणात उभे राहून कोणी आपले छायाचित्र घेतले तर आपल्याला कसे वाटेल?

आता कोणी म्हणेल की गावातल्या माणसाला स्वतःलाच सायकल नको आहे; त्याला मोटारसायकल हवी. खरे आहे, आणि त्यात काही चूक नाही. शहरातल्या माणसाने हौसेखातर सायकल चालवावी आणि खेड्यातल्या माणसाला ‘सायकल किती छान’ म्हणून उपदेश करावा, यासारखे वाईट दुसरे काही नाही. आज सायकलवर बसलेली मुलगी उद्या स्कूटर घेईल, परवा कदाचित मोटार चालवील. तिने तसे करावेच. पण ती ज्या दिवशी सायकलवर आहे त्या दिवशी तिला घरी सुखरूप पोहोचण्याचा हक्क आहे. तिची धाकटी बहीण, मावसबहीण, शेजारीण त्याच रस्त्यावर तिच्या मागून येणारच आहेत.

तेव्हा या उन्हाळ्यात सहल जरूर काढा. मुलांना घेऊन जा, आजोबांना जमत असेल तर त्यांनाही न्या. कोरीटची वाट असो की तुमच्या गावाबाहेरची आणखी कुठली, पहाटेची हवा सगळीकडे चांगलीच असते. फक्त परत आल्यावर किती किलोमीटर झाले, याबरोबर आणखी एक गोष्ट मुलांना विचारा. या रस्त्याने आपली ताई दुपारी एक वाजता एकटी सायकलवर आली तर कसे? त्यांचे उत्तर ‘नको’ असे आले, तर क्लबाच्या पुढच्या बैठकीला विषय मिळाला.